भाऊजी आणि बल्बाखालची मंडळी

आमच्या भाऊजींइतका प्रेमळ माणूस सगळ्या पांढुर्ण्यात दुसरा नव्हता. अट एकच, समोरच्याचं वजन छटाकाच्या आत असायला हवं. त्याहून जड मंडळींशी, म्हणजे बायको, शेजारी, साहेब आणि वीज ग्राहक यांच्याशी, ते जेमतेम बोलत. पण अंड्यातून नुकतंच निघालेलं कोंबडीचं पिल्लू तळहातावर आलं, की याच माणसाच्या तोंडून असा काही लाडीक आवाज निघे, की ऐकणाऱ्याला वाटावं, आत दुसरंच कोणीतरी भाड्याने राहतंय.

नात्याने ते माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला भाटवा म्हणतात, तोंडावर भाऊजी. ताईत आणि माझ्यात अंतर एवढं, की तिच्या लग्नात मी मांडवात रांगत होते. भाऊजी वीज कचेरीत तक्रारीच्या टेबलावर बसत. गावातली लाईट गेली की लोक त्यांना फोन करत, आणि ते समोरच्याचं अर्धं वाक्य ऐकून सांगत, "येऊन राहिली जी, पाचच मिनिट." या पाच मिनिटांत पांढुर्ण्याच्या बायकांचा स्वयंपाक होई, जेवणं होत, भांडी घासून होत आणि मुलं झोपून जात. भाऊजींना त्याचं काही वाटत नसे. "लोकायले लाईट नाही पायजे, धीर पायजे," असं ते म्हणत, आणि तो द्यायला त्यांच्याकडे भरपूर होता.

पिल्लांचा नाद त्यांना लागला तो दाढेपायी. एका हिवाळ्यात ते दाढ काढायला नागपूरला गेले आणि दाढ तशीच ठेवून पिल्लं घेऊन आले. मधे काय घडलं ते त्यांनी कधीच नीट सांगितलं नाही. दवाखान्यापुढे रांग होती आणि शेजारच्या दुकानात रांग नव्हती, एवढंच ताईला कळलं. पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या खोक्यात चाळीसेक पिल्लं घेऊन ते पॅसेंजरमध्ये बसले. गाल मफलरने बांधलेला, मांडीवर खोकं, आणि खोक्यातून अखंड चिवचिवाट. तिकीट तपासनीस येऊन म्हणाला, "डब्बे में क्या है?" भाऊजींनी गालावर हात ठेवला आणि कण्हत उत्तर दिलं, "दाढ दुखून राहिली साहेब, तिचाच आवाज आहे." तो बिचारा गाल बघत राहिला, खोकं बघत राहिला, आणि शेवटी पुढच्या डब्यात निघून गेला.

घरी आल्यावर भाऊजींनी बैठकीची खोली ताब्यात घेतली. हिवाळ्यात कूलर रिकामाच उभा असतो, म्हणून त्याचे पत्रे सोडवले आणि वाकवून गोल कडं केलं. चौकोनी खोकं का चालत नाही, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगत: "कोपरा दिसला की हे सारे तिथं जमते, एकावर एक चढते, अन् खालचं मरते. आमच्या कचेरीत तसंच हाये." कड्यात भुसा, भुशावर वर्तमानपत्र, वर टांगलेला मोठा बल्ब. वर्तमानपत्र पसरताना ज्या पानावर मंत्र्यांचे फोटो असतील ते पान वरच्या बाजूला येईल याची काळजी घेत, आणि तासाभराने समाधानाने बघत. घरातलं तापमापक भुशात खुपसलेलं असे. ताईला ताप आला तर कपाळाला हात लावून भागवलं जाई, पण भुशाचा ताप भाऊजींना अचूक ठाऊक असे.

पिल्लांना पाणी प्यायला शिकवावं लागतं हे मला तोवर माहीत नव्हतं. भाऊजी एकेक पिल्लू उचलून त्याची चोच गुळाच्या पाण्यात बुडवत आणि पिल्लाने मान वर केली की स्वतःही मान वर करून घोट गिळत. चाळीस पिल्लांचं शिक्षण पूर्ण होईस्तोवर त्यांचीच मान अवघडे. बशीत ते गोटे टाकून ठेवत, म्हणजे पाण्यात बुडून कोणी मरायला नको. ज्वारीच्या कण्या चाळणीने चाळून देत, आणि ती चाळणी पिठाची असल्यामुळे ताई त्या दिवसांत पोळ्या करताना नवऱ्याशी बोलत नसे.

पण खरी सेवा पुढेच होती. पहिल्या दिवसांत पिल्लांची शी कधीकधी बुडाला चिकटून वाळते, वाट बंद होते आणि पिल्लू दगावतं. त्यामुळे भाऊजी सकाळ-संध्याकाळ वाटीत कोमट पाणी आणि कापूस घेऊन बसत आणि प्रत्येकाला उलटं धरून तपासणी करत. एकदा त्यांचे साहेब स्वतः घरी आले. भाऊजींनी कचेरीत रजेचा अर्ज न देताच दांडी मारली होती. साहेब दारात उभे, आणि भाऊजींनी मान वर न करता म्हटलं, "बसा साहेब. हे एक बूड झालं की आलोच." साहेब बसले. भाऊजींनी त्यांच्याकडे एक पिल्लू दिलं, "धरा जरा." आल्या कामाचा विषय मग निघालाच नाही. ताई हे सगळं सांगताना कपाळाला हात लावायची. "स्वतःचे दोन पोट्टे झाले, ते नागपूरले शिकाले गेले, तरी या माणसानं एक लंगोट बदललं नाही. अन् आता पाहा!"

माझ्या आयुष्याची गाठ या पिल्लांशी पडली ती त्याच हिवाळ्यात. मला बघायला आमल्याहून पाहुणे येणार होते. सौंसरला आमच्या घरी यायचं तर त्यांना रेल्वेतून उतरून पुन्हा बस धरावी लागली असती, म्हणून कार्यक्रम पांढुर्ण्याला ताईकडे ठरला. बाबा मला घेऊन सकाळीच आले. याआधी दोन ठिकाणांहून नकार आला होता आणि बाबांची झोप उडालेली होती. बैठकीतलं ते कडं बघून त्यांचा चेहराच उतरला. ताई नवऱ्याला म्हणाली, "आजच्या दिवस तरी हे मांगं स्वयंपाकघरात न्या ना."

"तिथं वारं येते," भाऊजी म्हणाले. "पाहुण्यायले ने स्वयंपाकघरात."

पाहुणे दुपार कलल्यावर आले. मुलगा रेल्वेत नोकरीला, सोबत त्याची आई आणि मामा. आई शाळेत मुख्याध्यापिका. नवरा गेल्यावर एकटीने मुलाला वाढवलेली. शिस्तीची बाई, अंगावर करड्या रंगाची लोकरी शाल. मामा सफारी सूटमध्ये. त्यांनी जयभीम घातला तेव्हा भाऊजींच्या दोन्ही हातांत पिल्लं होती, म्हणून त्यांनी पिल्लांसकटच हात जोडले. मामांनी बल्बाकडे आणि कड्याकडे बघून नाक मुरडलं. मी पोह्यांच्या बशा घेऊन आले. शिक्षण, स्वयंपाक, शिवण, सगळं विचारून झालं. मला मुलगा आवडला होता. ते मात्र कोणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलंही नाही.

चहा यायचा होता आणि लाईट गेली.

बाहेर दिवस मावळत होता, जानेवारीची थंडी पत्र्यांतून आत येत होती. बल्ब विझल्यावर थोड्याच वेळात पिल्लांनी आकांत मांडला आणि सगळी मधोमध गोळा होऊन एकमेकांवर चढायला लागली. भाऊजी ताडकन उठले आणि चप्पल न घालताच कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात फोन करायला पळाले. पुढचा संवाद दुकानदाराने नंतर सगळ्या गावाला करून दाखवला. त्यांच्याच टेबलावरच्या नव्या बाबूने फोन उचलला आणि म्हणाला, "येऊन राहिली जी, पाचच मिनिट."

"पाच मिनिट कायचे बे!" भाऊजी ओरडले. "हे मीच शिकवलं ना तुले!"

ते परत आले तेव्हा चेहरा पार पडलेला होता. ताईने शेगडी पेटवायचं सुचवलं. "धुरानं मरतीन," ते म्हणाले. मग कड्यापाशी उभे राहून त्यांनी खोलीतली माणसं एकदा निरखून पाहिली. आपल्या मांडीवर खेळलेली मेहुणी असो की तिच्या लग्नाची गोष्ट असो, त्यांना त्या क्षणी दिसत होती ती फक्त ऊब. त्यांनी पिल्लं टोपलीत भरली आणि सरळ मुलाच्या आईपुढे जाऊन म्हणाले, "बाई, शाल उघडा."

बाबांनी डोळे मिटून घेतले. बाईंनी एकदा भाऊजींकडे, एकदा टोपलीकडे पाहिलं आणि शाल उघडली. मग बाबांच्या कोटात, ताईच्या पदरात, मुलाच्या स्वेटरमध्ये, माझ्या ओच्यात पिल्लं वाटली गेली. मामांनी हात आखडते घेतले, तर भाऊजींनी त्यांच्या सफारीच्या दोन्ही खिशांत एकेक सोडलं. ताईने कंदील लावला. सगळे जण पुतळ्यासारखे बसलो, कारण हलायची मनाई होती. थोड्या वेळाने मामा किंचाळले, "याने घाण केली!" भाऊजी कंदील घेऊन धावले, सफारीवरचा डाग बारकाईने पाहिला आणि प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "घट्ट हाये. काही चिंता नाही, तब्येत ठीक हाये त्याची."

त्या अर्धवट उजेडात मुलगा माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, "माझ्याकडचं एक झोपलं."

"माझ्याकडचं टोचून राहिलं," मी म्हणाले. आमचं पहिलं बोलणं ते.

बाईंच्या शालीतलं एक पिल्लू मलूल होतं. डोळे मिटलेले, मान टाकलेली. भाऊजींनी बघितलं आणि हात हलवला, म्हणजे याचं काही खरं नाही. बाईंनी ते गळ्याशी धरलं आणि शाल वरून घट्ट ओढून घेतली. नंतर त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही.

लाईट आली तेव्हा पाहुण्यांची गाडी सुटायची वेळ झाली होती. जो तो घाईघाईने पिल्लं परत करत स्टेशनकडे निघाला, चहा राहूनच गेला. पाहुणे गेल्यावर भाऊजींनी मोजदाद केली, तर एक कमी. सोफ्याखाली शोधलं, कपाटामागे शोधलं, मग काठी घेऊन शेजाऱ्यांच्या बोक्याची चौकशी करायला गेले. बाबा डोकं धरून बसले होते. "संपलं," ते म्हणाले. "पोरीचं लग्न कोंबड्यायनं खाल्लं." ते उदास होऊन सौंसरला परतले. ताईने मला ठेवून घेतलं. मी दिवसभर कण्या चाळायची आणि लाईट गेली तेव्हाचा तो हळू आवाज आठवायची.

पुढच्या रविवारी मुलगा एकटाच दारात उभा. आत न येताच भाऊजींना म्हणाला, "त्याला खायला काय द्यायचं, ते विचारायला आलोय." मग उलगडा झाला. तिगाव मागे पडल्यावर आईच्या शालीतून आवाज आला होता. मामा म्हणाले, खिडकीतून टाकून दे. आईने मामांकडे असं काही पाहिलं, की आमल्यापर्यंत ते बोललेच नाहीत. आता पिल्लू शाळेतसुद्धा तिच्याबरोबर जात होतं.

भाऊजींना एवढा आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. मुलाला दंडाला धरून ते आत घेऊन गेले. बल्ब किती उंचीवर टांगायचा, आठवड्या-आठवड्याने तो कसा वर घ्यायचा, राणीखेत रोगाच्या लशीचा थेंब डोळ्यात कसा टाकायचा, सगळं सुरू झालं. ताईने चहा पुन्हा पुन्हा गरम केला. शेवटी तिच्याने राहवेना. दारातून म्हणाली, "अहो, पोरगी पसंत हाये का नाही, ते तरी विचारा त्यायले."

मुलगा कड्याजवळ उकिडवा बसलेला, एका हातात उलटं पिल्लू, दुसऱ्यात ओला कापूस. त्याने वर पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले. "हो तर," तो म्हणाला. "आईने तेच सांगायला पाठवलं होतं. राहूनच गेलं."

लग्न उन्हाळ्यात झालं. तोवर पिल्लांना पिसं फुटून ती लांब टांगांची, भांडकुदळ कोंबडी झाली होती, आणि भाऊजींचा जीव त्यांच्यावरून पार उडाला होता. "कॉलेजात गेले आता," असं म्हणून त्यांनी ती सगळी नदीपलीकडे सावरगावच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याला देऊन टाकली आणि परत कधी विचारपूस केली नाही. माझ्या पाठवणीला सगळे रडत होते, तर भाऊजी माझ्या सासूबाईंना बाजूला घेऊन त्यांच्या कोंबडीची अंडी कशी साठवायची ते सांगत होते. मला थोडा रागही आला होता. त्यानंतर दर हिवाळ्यात त्यांना नव्याने पिल्लं लागत आणि वसंतात नकोशी होत. ताई म्हणायची, या माणसाला कोणी मोठं झालेलं आवडतच नाही.

मला आता वाटतं, आवडत नसेल असं नाही. मोठं झालेलं आपल्याकडे काय मागेल, ते त्यांना समजत नसावं.

त्यांना शेवटचं भेटले तेव्हा ते निवृत्त झाले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि शस्त्रक्रियेला ते काही केल्या तयार नव्हते. मी आमल्याहून सौंसरला जाताना दुपारची पांढुर्ण्याला उतरले. ताई अंगणात गहू निवडत होती. तिने नुसतीच मान आतल्या बाजूला हलवली. भाऊजी कड्याशेजारी फरशीवर आडवे झाले होते, पत्र्याला कान लावून. मला वाटलं, पडले. मी घाबरून हाक मारली.

"शू," ते म्हणाले. माझा आवाज त्यांनी ओळखला होता. "दिसत नाही आता बरोबर. पण ऐकू येते ना. थंडी वाजली तर वरच्या सुरात ओरडते, भूक लागली तर तुटक तुटक. ये, ऐक."

मी पिशवी भिंतीला टेकवली आणि त्यांच्याशेजारी खाली बसून पत्र्याला कान लावला. आत ओरडा नव्हता. खूप माणसं दुसऱ्या खोलीत हळू आवाजात बोलत असावीत तशी एक कुजबुज होती, मऊ, एकसारखी.

"आता काय म्हणून राहिले?" मी विचारलं.

भाऊजींनी बराच वेळ ऐकलं. "काहीच नाही," ते म्हणाले. "आता काही मागून नाही राहिले." आणि हसले. मग ते डोळे मिटून पडून राहिले, आणि माझी सौंसरची बस निघून जाईपर्यंत मीही उठले नाही.