स्टँडवरचा दुसरा फ्लेक्स

हिंगोलीकडच्या पुसेगावच्या स्टँडवर फ्लेक्स लागायला फार मोठं काही करावं लागत नाही. कोणाचा वाढदिवस असतो, कोणी सोसायटीवर निवडून येतो, कोणाचं पोरगं पोलीस भरतीत निघतं, की झाली खाली गॉगलवाल्या शुभेच्छुकांची रांग उभी. लोक असे फ्लेक्स वाचत नाहीत, त्यांच्या सावलीत उभे राहतात. पण पुंजाजी खिल्लारेंनी लावलेला फ्लेक्स लोकांनी वाचला, आणि वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचला.

त्यावर लिहिलं होतं, ‘पुसेगावची सुकन्या करुणा पुंजाजी खिल्लारे हिने जगात कोणालाही न सुटलेले गणित सोडवल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ वर बुद्ध आणि बाबासाहेब. मधे चष्मा लावलेली करुणा. तिच्या मागे धगधगता सूर्य आणि उडतं रॉकेट. रॉकेटचा गणिताशी काही संबंध नव्हता. सेनगावात फ्लेक्सचं दुकान चालवणाऱ्या विकास राठोडला मोकळी जागा बघवत नाही, म्हणून ते तिथे आलं होतं.

पुंजाजी म्हणजे सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर सारी नोकरी काढलेला पाटकरी. दरवाजे उघडायचे, कालव्याच्या काठाने चालत जायचं, कोणाची पाळी आहे ते बघून त्याच्या शेताकडच्या चारीला पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. रिटायर झाल्यावर ते आपल्या गावी पुसेगावला येऊन राहिले. पाण्याबद्दल त्यांना काहीही विचारा. पण लेक मुंबईकडच्या एका संस्थेत बसून नेमकं काय करते, असं कोणी विचारलं की त्यांची पंचाईत व्हायची.

करुणाने समजावण्यात कसूर केली नव्हती. सूर्याकडून विजेने भारलेल्या कणांचा झोत कायम वाहत असतो, त्याला प्लाझ्मा म्हणतात, त्यात लाटा उठतात आणि मी त्या लाटांचं गणित मांडते, असं तिने सांगितलं होतं. पुंजाजींनी मान डोलावली होती. बाहेर येऊन ते जनकाबाईला म्हणाले होते, “सूर्यावर पाणी हाय म्हणं.”

जनकाबाई म्हणजे त्यांची बायको. ती म्हणाली, “तुमाला पाण्याबिगर काई दिसतच न्हाई.”

मग एके दिवशी करुणाचा फोन आला. तिचा आवाज आनंदाने फुटत होता. किती तरी वर्षं अडलेली एक गोष्ट आपण सिद्ध केली आणि ती सगळ्यांना वाचायला इंटरनेटवर टाकली, असं ती सांगत होती. पुंजाजींनी फोन ठेवला तो विकासच्या दुकानात जाऊनच दम घेतला. ‘जगात कोणालाही’ हे शब्द त्यांचे, ‘सुकन्या’ विकासचा. जनकाबाई म्हणत होती, लेकरू घरी येऊ द्या, मग काय लावायचं ते लावा. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! येत्या रविवारी करुणा गावी यायची होती, विहारात सत्कार ठरला होता, आणि बारा शुभेच्छुकांनी आपापले फोटो स्वतः आणून दिले होते.

आणि त्याच आठवड्यात, बुधवारी, पुन्हा फोन आला.

“बाबा, ते चुकलं,” करुणा म्हणाली.

“काय चुकलं?”

“मी सिद्ध केलं होतं ना, ते. मधली एक पायरी चुकली. मी ते मागं घेतलं. सगळ्यांना तसं लिहून कळवलं.”

पुंजाजी खाटेवर बसले. त्यांना पहिली शंका आली ती नोकरीची. “सायेब रागावले का?”

“न्हाई. सर म्हणाले, बरं झालं.”

चूक झाली आणि साहेब बरं झालं म्हणतात, हे पुंजाजींच्या डोक्यात शिरेना. त्यांच्या नोकरीत असा साहेब त्यांना कधी भेटला नव्हता. “मंग पकडलं कोणी?”

“कोणीच न्हाई. मीच.”

“तूच? मंग सांगितलं काहून?”

करुणा म्हणाली, “बाबा, स्टँडवरचा फोटो मला निलमनं पाठवला. तो फ्लेक्स काढा. तो असेपर्यंत मी गावात पाय ठेवणार न्हाई. हिंगोलीहून परत जाईन.”

निलम तिची शाळेतली मैत्रीण. दिवाळीनंतर लेक घरी आली नव्हती. जनकाबाईने तिच्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवली होती.

फ्लेक्स काढायचा म्हटलं तर सोपं काम, दोऱ्या कापल्या की झालं. पण काढून ठेवायचा कुठे? आमच्या भागात जुना फ्लेक्स सोयाबीनच्या गंजीवर झाकायला नेतात, नाहीतर न्हाणीला आडोसा करतात. यावर तर वर बुद्ध आणि बाबासाहेब. ते गंजीवर टाकायचे? आणि नाही काढला तर त्यांच्याच फोटोखाली खोटं लटकत राहणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली.

ते संतरामकडे गेले. संतराम विहाराच्या कमिटीत, आणि फ्लेक्सवरच्या शुभेच्छुकांत पहिला. त्याने सगळं ऐकलं आणि हसून म्हणाला, “पुंजाजी, हितं कोणाला कळून राहिलं ते गणित? राहू दे. रविवारी सत्कार करू, हार घालू, बस.”

“पण ते बराबर न्हाई ना.”

“बराबर न्हाई हे गावात किती जणाला ठाव हाय? तुला, मला. मी काई सांगत न्हाई.”

पुंजाजींना हे पटलं. घरी येईपर्यंत पटलेलं होतं. दारात जनकाबाईला पाहिल्यावर ते पटेनासं झालं, आणि जेवताना पुन्हा थोडं पटलं. माणूस असा चक्रावला की भाकरी कालवणात बुडवायची सोडून पाण्यात बुडवतो, तसं त्यांनी केलंही. जनकाबाईने ताट पुढून ओढून घेतलं आणि म्हणाली, “तिलाच इचारा. समजंस्तोवर इचारा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः फोन लावला. “मला अडाण्याला समजंल असं सांग. तुझं चुकलं म्हणजे नेमकं काय झालं?”

करुणाने विचार केला. “बाबा, तुमी दरवाजा एकदम वर उचलायचे, तवा कालव्यात पाण्याचा एक उंचवटा उठायचा. आठवतं? एकटाच पुढं पुढं जायचा, मोडायचा न्हाई. मी काठानं त्याच्यासंगं पळायची.”

पुंजाजींना आठवलं नाही असं कसं होईल! फ्रॉकमधली पोर, हातात चप्पल, आणि शेजारून पाण्याची ती गुळगुळीत पाठ सरकत चाललेली. ती दमून थांबायची, पाणी थांबायचं नाही. मग ती विचारायची, बाबा, ते कुठवर जातं? ते म्हणायचे, पुलापर्यंत माझी हद्द. पुढचं मी पाहिलं नाही.

“तशीच लाट प्लाझ्मात असते,” करुणा म्हणाली. “ती कितीबी दूर गेली तरी मोडत न्हाई, असं मी लिहिलं. पण बाबा, मला दिसलं होतं ते पुलापर्यंतच. पुढचंबी पाहिलं, असं लिहून बसले. मला खरंच वाटलं व्हतं, पाहिलं म्हणून.”

“मंग पुढं मोडती का ती?”

“म्हाईत न्हाई. मोडत नसंलबी. पण मी पाहिलं न्हाई.”

प्लाझ्मा काय ते पुंजाजींना आजही कळलं नव्हतं. सूर्यावर पाणी नाही तर लाट कशाची, हाही गुंता तसाच होता. पण पुलापर्यंतची गोष्ट त्यांना आरपार कळली. शेवटच्या शेतावरचा माणूस चिडून विचारायचा, पाणी आलं का माझ्या चारीला? ‘आलं असंल’ म्हणून मोकळं होणारे पाटकरी पुष्कळ होते. पुंजाजी म्हणायचे, पुलापर्यंत आलंय, पुढचं बघून सांगतो. त्यापायी त्यांनी शिव्याही खाल्ल्या होत्या. आपण लेकीला दिलं ते हेच, पण ते त्यांना कधी नीट सांगता आलं नसतं. “फ्लेक्स काढतो,” एवढं म्हणून त्यांनी फोन जनकाबाईच्या हातात दिला.

त्या दुपारी ते सेनगावच्या जीपमध्ये बसले.

विकासने मजकूर ऐकला, टाईप करायला घेतला आणि हात थांबवला. “काका, चुकीचं अभिनंदन? लोक हासतील. इतकी वर्सं दुकान चालवून राहिलो, असा फ्लेक्स काढला न्हाई.”

“मंग आता काढ. आन् ते रॉकेट नको.”

शुभेच्छुकांचा प्रश्न आला. पुंजाजींनी एकेकाला फोन केला. कोणाला अचानक काम निघालं, कोणी म्हणालं माझा फोटो या खेपेला राहू द्या. संतराम म्हणाला, “मला तर काई समजंना बाबा तुझं. मंग सत्कारबी राहू दे.” खालची पट्टी मोकळी राहिली. विकासला ती बघवेना, पण त्याने या वेळी तिथे काही घातलं नाही.

शनिवारी पुंजाजींनी जुना फ्लेक्स स्वतः उतरवला, ओल्या फडक्याने पुसला, घडी घालून विहारातल्या कपाटात नेऊन ठेवला. नवा बांधून झाला तशी माणसं जमली. कोणी म्हणालं पोरीची नोकरी गेली. कोणी म्हणालं म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. पुंजाजींना वाटलं, डोक्याचं म्हणतात तेच खरं असेल. लेकीने काढायला सांगितलं आणि आपण दुसरा लावला, ती आल्यापावली परत गेली तर? रात्रभर त्यांचा डोळा लागला नाही.

रविवारी हिंगोलीची एसटी आली. बाप काढतो म्हणाला म्हणजे काढलाच असेल, या भरवशावर करुणा आली होती. खाली उतरली, वर पाहिलं आणि जागेवरच उभी राहिली.

“बाबा, मी काढायला सांगितलं होतं.”

“काढला की. ह्यो दुसरा हाय,” पुंजाजी चाचरत म्हणाले. “वाच तरी.”

वर बुद्ध आणि बाबासाहेब तसेच होते. खाली लिहिलं होतं, ‘आपली चूक आपणच शोधून सर्वांना सांगितल्याबद्दल करुणा हिचे हार्दिक अभिनंदन.’ शुभेच्छुक दोनच. गॉगल नसलेले पुंजाजी, आणि डोक्यावर पदर घेऊन कॅमेऱ्याकडे रागाने बघणारी जनकाबाई.

करुणाने ते वाचलं. चष्मा काढला, ओढणीने पुसला आणि पुन्हा वाचलं. “हे लिहायला कोणी सांगितलं?”

“कोणीच न्हाई,” पुंजाजी म्हणाले. “मीच.”

करुणा रडायला लागली. पुंजाजींना आधी समजेना की ही रागाने रडते की कशाने. मग तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि भर स्टँडवर त्यांना लाज वाटली आणि फार बरं वाटलं.

तेवढ्यात चहाच्या हॉटेलातून संतरामने हाक मारली, “करुणा, मंग ते गणित सुटलं का न्हाई शेवटी?”

“न्हाई सुटलं, काका,” तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

पुंजाजींनी तिची बॅग उचलली, आणि दोघं घराच्या वाटेला लागले. घरी चटणी वाट बघत होती.