मोराच्या पडद्याची खोली

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. शोभाजवळही नाही — शोभा म्हणजे माझी बायको, आणि तिला तर ते पहिल्या क्षणापासून ठाऊक आहे. मग तुम्हालाच का सांगतोय? माहीत नाही. तुम्ही हसाल एवढं नक्की. हसा, गोष्ट हसण्यासारखीच आहे — निदान अर्धी.

मुलीचं लग्न उरकल्यावर आम्ही दोघंच गाडी काढून निघालो. शनिशिंगणापूर, मग पुणतांब्याला मेहुणीकडे, मग भंडारदरा. आम्ही नगरचे, शिंगणापूर आम्हाला तासाभरावर. दर्शन घेऊन पुढे सटकायचं की मुक्काम करायचा? पण तिथे बिनदाराचं एक लॉज आहे असं शोभाने कुठूनसं ऐकलं होतं, आणि तिला तिथेच राहायचं होतं. मी नागापूरच्या एमआयडीसीत सुपरवायझर — वर्कशॉपला कुलूप लावल्यावर ते ओढओढून बघणारा माणूस.

लॉज अफलातून होतं. खोल्यांना दारं नाहीत, नुसत्या चौकटी. प्रत्येक चौकटीला वेगळा पडदा, आणि पाहुण्यांना नावं पडद्यावरून. आमच्या पडद्यावर मोर, म्हणून आम्ही मोरवाले. "मोरवाले, च्या झालाय!" अशी हाळी मालकीणबाई अंगणातून द्यायच्या. न्हाणीघरालाही पडदाच. आत कुणी आहे हे बाहेरच्याला कळावं म्हणून आत गेलं की गात राहायचं, असा तिथला नियम. माझी बायको जन्मात गायली नव्हती. ती आत शिरली आणि जी सुटली — आरत्या झाल्या, अंगाई झाली, शाळेतल्या कविता झाल्या. इतकी खूश मी तिला फार वेळा पाहिलेली नाही. मलाही छान वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

खोटं — हां, तिकडेच येतोय.

ती गात होती आणि मी पलंगावर बसून त्या उघड्या चौकटीकडे बघत होतो. कशाची भीती वाटत होती? चोरीची? बॅगेत होतं काय — चार साड्या नि माझ्या गोळ्या. तरी शेवटी उठलो, मोठी बॅग चौकटीत आडवी टाकली आणि वर खुर्ची रचली. तेव्हा कुठे जीव थाऱ्यावर आला.

आणि नेमक्या मालकीणबाई उशा घेऊन आल्या. त्यांनी पडदा सारला, ती रचना पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या गावात चौकटीत आड घालणं म्हणजे देवाच्या राखणीवर आणि घरच्या माणसांवर संशय घेणं — हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. "ह्ये कुनी लावलं?" त्यांनी विचारलं. रागाने नाही हो. रागावल्या असत्या तर मी खरं बोललो असतो. छे — तेव्हाही नसतो बोललो.

"हिने," मी म्हणालो. "अंघोळीला जाताना लावून गेली. जरा घाबरट आहे."

शोभा ओल्या केसांनी त्यांच्या मागेच उभी होती. तिने बॅगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग हात जोडले. "चुकलं माझं, मावशी."

"आसूंद्या ताई, नव्या मानसाला वाटतंच भ्या," असं म्हणत त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्या रात्री त्या आमच्या चौकटीबाहेर वाकळ टाकून झोपल्या — ताईंना भीती वाटू नये म्हणून! पडद्यापलीकडे कुणीतरी राखणीला आहे म्हटल्यावर मला गाढ झोप लागली. शोभाला लागली की नाही, मी विचारलं नाही.

सकाळी गाडीत वाटलं, आता बोलेल. ती बोलली ती राहात्याच्या पेरूंबद्दल. मीही पेरूंबद्दलच बोललो.

पुणतांब्याला मात्र मीच मेहुणीला रंगवून सांगितलं — शोभाने बॅग कशी लावली, खुर्ची कशी रचली. सगळे हसले, शोभाही हसली. तेव्हापासून ती आमच्या घरची गोष्ट झाली. आता तर शोभाच सांगते, खुर्ची ओढून करूनही दाखवते. आमचं छान चाललंय, खरंच. एवढं छान चाललेलं असताना हे कशाला उकरायचं — असं मी स्वतःला समजावत आलो.

परवा लेक, जावई नि नात राहायला आले. नात चार वर्षांची. झोपायच्या खोलीचं दार जरा उघडं राहिलं की रडते. परवाही रडली. जावई हसत म्हणाले, "आजीवर गेलीय." तिने डोळे पुसत विचारलं, "आजी, तू पण भित्री आहेस?"

"हो गं, लई भित्री," शोभा म्हणाली आणि तिला कुशीत घेतलं. मी समोरच बसलो होतो, पेपर उघडून.

बॅग मी लावली होती. पोर आजीवर गेलेली नाही. माझ्यावर गेलीय.