चित्र्याला चारायचा घास

म्हाळूला जाऊन आज अकरा दिवस झाले. त्याला त्याच्या कुत्र्याने मारलं, असं धारूरमध्ये लोक बोलतात. ते खरं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

म्हाळू धनगर माझा लहानपणचा सोबती. मी हैदराबादेला जाऊन बी.ए. झालो. तो किल्ल्यामागच्या माळावर मेंढरं राखत राहिला आणि कुत्री घडवत राहिला. त्याची पिल्लं दिंद्रुडपर्यंतचे धनगर मागून नेत. पिल्लाचे डोळे उघडले की तो ते मेंढीच्या आचळाला लावी. मग ते कळपालाच आपलं गणगोत समजे. कुत्र्यावर त्याने कधी हात उगारला नाही.

"शेपूट हालली म्हंजी कुत्रं खूश, आसं न्हाई, बालिष्टर," तो मला सांगे. "शेपूट ताठ ठिवून हालवत आसंल तर पाय मागं घे. कान बघ. तोंड मिटलंय का बघ. मंग तुझी पुस्तकं."

चित्र्या त्याचा सगळ्यांत शहाणा कुत्रा. म्हाळूने घोंगडी अंथरली की तो तिच्यापाशी बसे. म्हाळू जिभेने 'टक्' करीपर्यंत परक्याला जवळ येऊ देत नसे. परक्याला आपला करायची एकच रीत होती. म्हाळू भाकरीचा घास चावून परक्याच्या तळहातावर ठेवी. परक्याने तो चित्र्याला चारायचा. धन्याचा वास त्या हाताला लागे आणि जन्माची ओळख होई.

उन्हाळ्यात त्याने तसा घास माझ्यापुढे धरला. मी हात मागे घेतला.

"का रं? बाटशील व्हय?"

"तसं नाही रे. पुढच्या वेळी."

तो हसला. घास स्वतःच गिळला. "आमच्या बालिष्टराचा हात लई सोवळा हाय," असं बायकोला, बायनाबाईला, म्हणाला. तीही हसली.

मग मानमोडीच्या तापाची साथ आली. बायनाबाई गावात तापाने पडली. म्हाळू माळावर एकटाच होता. तो दोन दिवस उठला नाही, असं एका गुराख्याने सांगितलं. मी वाहेद हकिमांना घेऊन दुपारी वर पोचलो.

म्हाळू घोंगडीवर पडला होता. पाण्याचा गडू पालथा होता. चित्र्या उभा राहिला. तोंड मिटलेलं, शेपूट ताठ.

"दोस्त तुमचा हाय," हकीम म्हणाले. "कुत्रं तुमाला वळखत आसंल. व्हा पुढं."

मी एक पाऊल टाकलं. चित्र्या अंगावर आला, धोतर फाटलं. सोबत आणलेला पाण्याचा तांब्या काठीने पुढे सरकवला, त्याने काठीच धरली. हकिमांनी दगड मारला. तो त्याने अंगावर घेतला, पण जागा सोडली नाही.

म्हाळूने डोळे उघडले. मला पाहिलं. त्याचे ओठ हलले. तो 'टक्' करू पाहत होता. जीभ कोरडी होती, आवाज आला नाही. त्याने पुन्हा केलं. पुन्हा.

मी पिशवीतली भाकर काढली, चावली, हात पुढे केला. चित्र्याने लांबूनच वास घेतला आणि तोंड फिरवलं.

मी गावाकडे धावलो. बायनाबाईचा ताप नुकताच उतरला होता. तिला बैलगाडीत घालून पायथ्यापर्यंत आणलं. तिथून ती माझ्या खांद्याला धरून चढली. चार ठिकाणी बसली. तिला पाहताच चित्र्या आपण होऊन बाजूला झाला.

म्हाळूचं अंग अजून गरम होतं. हकीम लांब दगडावर बसले होते. "आत्ताच," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी बायनाबाईने मला बोलावलं. चित्र्याने तिच्या हातचंसुद्धा काही खाल्लं नव्हतं. म्हाळूची घोंगडी तिने दारात अंथरली होती. तिने भाकरीचा घास चावला, घोंगडीवर फिरवला.

"हात करा, भावजी."

मी हात पुढे केला. चित्र्याने घास हुंगला. मग हळूच खाल्ला, आणि माझा तळहात चाटून माझ्या पायांशी बसला.