गळ्यातलं हो की नाही

ऐरोलीच्या ऑफिसात मी आवाज पिळते. नेटवर्क मरगळलेलं असेल तिथेही बोलणं पोचावं म्हणून ते इतकं लहान करायचं, की शेवटी आवाज जातच नाही. जाते ती नुसती तो घडवायची कृती: तोंडाचा आकार कसा, जोर किती, गळा थरथरतोय की नाही, आणि थरथरत असेल तर सूर कोणता. पलीकडचं यंत्र त्यावरून आवाज नव्याने घडवतं. गळ्यावर बोट ठेवून आधी ‘स्स’ म्हणा, मग ‘म्म’. ते थरथरणं आमच्याकडे एका हो-नाहीत मावतं. आणि एवढ्याशा आकड्यांतून माणूस ओळखू येतो, याचं मला अजूनही नवल वाटतं.

गेल्या वर्षी आजारपणात बाबांचे स्वरतंतू हलेनासे झाले. बाबा सारसोळ्याचे कोळी, जन्म खाडीत गेलेला. किनाऱ्याला लागायच्या आधीच काय घावलंय ते होडीतून ओरडून सांगायचे, म्हणजे आई त्या बेताने टोपल्या आणि बर्फ घेऊन उतरायची. आता उरली नुसती कुजबुज. आई त्यांच्याशी हळू, गोड बोलू लागली, पाहुण्याशी बोलावं तशी. जिने जन्मभर त्यांना धारेवर धरलं, तिचा हा गोडवा त्यांना सोसेना. एकदा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “तुजी आय माज्याशी भांडत नाय आता. मी मेलोय काय?”



दुसऱ्या दिवशी त्यांची कुजबुज यंत्रात घातली. गळ्याच्या रकान्यात सगळीकडे ‘नाही’. पण तोंडाचे आकार जागच्या जागी होते, अगदी त्यांचेच. मी थक्क होऊन बघत राहिले. आजाराने फक्त तेवढं एक ‘हो’ नेलं होतं. जिथे जिथे गळा वाजायला हवा होता, तिथे मी ते परत लिहिलं. सूर मात्र जुन्या रेकॉर्डिंगमधून घ्यावा लागला, आणि शोधशोध शोधून मिळालं ते एकच, होडीतून ओरडतानाचं. घरातलं त्यांचं साधं बोलणं आम्ही कधी जपूनच ठेवलं नव्हतं.

रविवारी हॉलमध्ये त्यांच्या हातात माईक दिला. आई आत मासळी साफ करत होती. बाबा कुजबुजले, “जेवलीस का गो?” क्षणभराने स्पीकरमधून त्यांचाच आवाज आला, पण सूर होडीतला, खाडीच्या पल्याड पोचेल असा.

आतून आई म्हणाली, “घरान वरडायला काय झाला? मी काय बयरी हाय?”

मग विळीचा आवाज थांबला. ओल्या हातांनी ती दारात आली आणि माईककडे, बाबांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. डोळे भरले होते, पण जीभ काही थांबली नव्हती.

“आनि सकालचे दहाला कोन जेवतं?”

बाबांनी माईक घट्ट धरला आणि उलट उत्तर द्यायला तोंड उघडलं.