उशीर सर

क्लासला रोज अर्धा तास उशिरा येणारा हा माणूस, पडद्यावरचं अक्षर पापणी लवेल एवढं जरी उशिरा आलं तरी बेचैन व्हायचा. बीडच्या बसस्टँडमागे त्यांचा टायपिंगचा क्लास होता. जुन्या संगणकांवर त्यांनी स्वतः विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची प्रणाली बसवलेली. कुणाच्याही मागे उभं राहून विचारायचे, "उशीर किती हाय?" म्हणून ते आमचे उशीर सर.

मी टायपिंगच्या परीक्षेत दोनदा नापास झाले होते. "बोटंच जड हायेत हिची," असं आई पाहुण्यांसमोर सांगायची. तिसऱ्यांदा नापास झाले तर क्लास बंद आणि क्लार्कच्या नोकरीचं नावही काढायचं नाही, असं घरात ठरलं होतं.

एकदा सर माझ्यामागे बराच वेळ उभे राहिले. "का गं थांबतीस मधी मधी?"

"अक्षर दिसल्याबिगर पुढचं बटन दाबवत न्हाई, सर."

ते खूशच झाले! मोबाईल काढून त्यांनी माझं बोट आणि पडदा एकाच चौकटीत धरले, स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घेतला आणि एकेक चित्र पुढे सरकवत मोजू लागले. बोट केव्हाच खाली गेलेलं, अक्षराचा पत्ता नाही. मग लिनक्समधल्या खिडक्यांच्या सावल्या, पारदर्शकपणा, उघडताना होणारं नाचणं, सगळं त्यांनी बंद केलं. "नटायलाच येळ लागतो बे तुला," हे संगणकाला. उशीर कमी झाला, पण संपला नाही.

तीन दिवस शोध चालला. शेवटी खोट निघाली सरांच्याच हौसेत. छोटा मॉनिटर काढून माझ्या जागेवर त्यांनी मोठ्या कौतुकानं घरचा जुना टीव्ही लावला होता, आणि तो प्रत्येक चित्र आधी साफसूफ करून मगच दाखवायचा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम' निवडलं, तशी ती साफसफाई बंद झाली आणि अक्षर बोटाबरोबर उमटलं. मला हसूच आवरेना.

त्याच संध्याकाळी सर घरी आले. आईला म्हणाले, "पोरीची बोटं जड न्हाईत. पडदा मागं राहत होता, अन् तो मीच लावलता." आईनं त्यांना दोनदा चहा केला. तिसऱ्या खेपेला मी पास झाले. आपली चूक अशी दारात येऊन सांगणारा दुसरा मास्तर मी पाहिला नाही.

मागच्या वर्षी सरांना पक्षाघात झाला. परवा ऑफिस सुटल्यावर भेटायला गेले. "सर, ओळखलं का?" ते नुसते बघत राहिले.

"त्यांला काय कळत न्हाई आता," त्यांची सून म्हणाली.

"कळतंय वहिनी. जरा थांबा."

आम्ही थांबलो. बऱ्याच वेळाने सरांचे ओठ हलले.

"बोटं... जड... न्हाईत."