गोंड्याची काळी टोपी

आमच्या आत्याने क्रांतीसाठी टोप्या शिवल्या होत्या आणि त्या चुकल्या होत्या. ही गोष्ट मी लग्नात, बारशात, चहा मिळेल तिथे सांगत आलोय. ऐकणारे घरचेच असायचे, त्यामुळे धोका नव्हता.

त्या वेळी आत्या विशीतली होती. वरळीच्या चाळीत पायमशीनवर ब्लाऊज शिवायची. चाळीतल्या दलित पोरांनी अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या एका लढाऊ संघटनेबद्दल ऐकलं होतं. ती माणसं म्हणे उघड उघड बंदूक घेऊन आपल्या वस्तीत फिरायची, पोलिसांवर नजर ठेवायची, आणि सकाळी त्याच वस्तीतल्या लेकरांना शाळेआधी फुकट नाश्ता द्यायची. इकडे गावोगाव आपल्या माणसांना मारझोड होत होती आणि पुढारी निषेधाचे ठराव करत होते. पोरांना अमेरिकेची रीत पटली. त्यांनी आपलीही तशी संघटना उभी केली.

मग एकाने त्या अमेरिकन मंडळींचा फोटो आणला. काळं जाकीट, काळी तिरकी टोपी, वर मूठ. फोटो इंग्रजी मासिकातला, पण चाळीत आला होता भज्यांचा पुडा होऊन. तेलाचा एक डाग नेमका टोपीच्या शेंड्यावर पडलेला. आत्याला तो गोंडा वाटला. तिने मोडक्या छत्र्यांचं कापड उसवून टोप्या शिवल्या आणि प्रत्येकीवर काळ्या लोकरीचा गोंडा लावला. पोरं त्या घालून मोर्चाला गेली. लांबून म्हणे बालवाडीची सहल निघाल्यासारखी दिसायची.

“लोक हसायचे,” आत्या सांगते. “पण आम्ही बोलायला लागलो की थांबायचे. त्या अमेरिकेवाल्यांकडे बंदुका होत्या. आमच्याकडे तोंड होतं.”

ही आत्या आता सत्तरी ओलांडून काही महिन्यांसाठी आमच्याकडे सिंगापूरला, क्लेमेंटीत राहायला आली होती. मी जहाजांच्या इंजिनांचा माणूस. बंद पडलेलं इंजिन मी शिव्या घालून सुरू करतो, पण माणसांसमोर माझा आवाज आपोआप खाली येतो. आमचं आडनाव गावाचं नाव घेऊन ‘कर’वर संपतं. इथल्या मराठी मंडळात नवीन कुणी भेटलं की “म्हणजे मूळचे कोकणातले का तुम्ही?” असं विचारतं आणि उत्तराची वाट न बघता आपल्या सोयीचं काहीतरी समजून घेतं. मी वडा खात मान हलवतो.

माझी मुलगी तेरा वर्षांची. तिला शाळेत त्या अमेरिकन संघटनेवर बोलायचं होतं. जेवताना लॅपटॉप उघडून ती आत्याला फोटो दाखवत होती.

“आत्याआजी, यू नो दीज पीपल?”

“ओळख नव्हती,” आत्या म्हणाली. “नातं होतं.” मग लॅपटॉप जवळ ओढून तिने टोपीच्या शेंड्यावर बोट ठेवलं. “बघ, खरंच गोंडा नाहीये.”

त्याच महिन्यात मराठी मंडळाची फॅन्सी ड्रेस स्पर्धा होती. विषय होता ‘आमच्या घरातलं थोर माणूस’. वेश करायचा आणि मराठीत बोलायचं. मुलगी एरवी मराठी फक्त आईची समजूत काढायला वापरते. या वेळी तिने स्वतःच नाव दिलं. ती आत्या होणार होती. टोपी आत्याने शिवली. गोंड्यासकट, कारण मुलगी म्हणाली, “तशीच होती ना? मग तशीच पाहिजे.”

भाषण आधी पाठवायचा नियम होता. पाठवलं, आणि सेक्रेटरी वहिनींचा फोन आला.

“भाऊजी, लिहिलंय छान हो. पण ते विहिरीचं, जातीचं कशाला? मुलांचा कार्यक्रम आहे. आणि इथे आपल्यात कोण जात बघतं?”

“कोणी बघत नसेल तर सांगायला काय हरकत आहे?” हे बाणेदार उत्तर मला फोन ठेवल्यावर सुचलं. फोनवर मी “हं, बघतो” म्हणालो.

“तिला राणी करा,” वहिनी म्हणाल्या. “ड्रेस आहे माझ्याकडे, तलवारीसकट. आणि टोपीच घालायची असेल तर घालू द्या, नुसती येऊन उभी राहील. बोलायला नको.”

घरी हे सांगितलं तेव्हा मुलीने लॅपटॉप मिटला. “तलवार ओके, पण बोलणं नॉट ओके? बाबा, मी बोलणार. नाहीतर जाणारच नाही.” आणि खोलीत गेली. तिचा चेहरा बघून मला कळलं की हा शाळकरी हट्ट नव्हता. तिला पहिल्यांदाच कुणीतरी तू गप्प राहा म्हणून सांगितलं होतं, तेही माझ्या तोंडून.

मी आत्याला समजवायला गेलो. “अगं, परक्या देशात चार आपली माणसं असतात. तुटून कसं चालेल?”

“तुझा इथे राहायचा पास मंडळ देतं?”

“नाही.”

“घर?”

“नाही.”

“मग देतं काय?”

“दिवाळीला चिवडा.”

“चिवडा मी करते,” आत्या म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. मंडळाचा सूत्रसंचालक गेली कित्येक वर्षं मीच आहे. निरुपद्रवी विनोद करतो म्हणून.

कार्यक्रम तोआ पायोहच्या हॉलमध्ये होता. विषय घरातलं थोर माणूस असूनही पाच घरांत राजे निघाले आणि चार घरांत राण्या. एका छोट्या शास्त्रज्ञाची मिशी घामाने सुटत होती. पडद्याआड काळ्या टोपीतली माझी मुलगी ओठ हलवत पाठ म्हणत होती. माझ्याशी ती दोन दिवस बोलत नव्हती. वहिनींना मी अजून ‘बघतो’च्या पुढे काही कळवलं नव्हतं. वहिनी माझ्या कानाशी आल्या. “नुसतं ‘टोपीवाली आजी’ म्हणा. उभी राहिली की लगेच पुढचं नाव.”

मी माइक घेतला. इथे एक विनोद ठरलेला होता, तो आठवेना. आवाज मात्र चक्क निघाला.

“आता माझी मुलगी येतेय. ती माझी आत्या झाली आहे. आम्ही वरळीचे दलित. आत्याची गोष्ट ती सांगेल, आणि पूर्ण सांगेल.”

आम्हाला कोकणातले समजणाऱ्या एका गृहस्थांनी चष्मा काढून पुसला.

मुलगी आली. गोंडा बघून पोरं हसली, मग मोठेही. ती थांबली. सगळ्यांचं होईपर्यंत थांबली. “हसून झालं?” ती म्हणाली. “आता ऐका.” मागून तिसऱ्या रांगेत आत्या ताठ बसली.

“मी ब्लाऊज शिवते. माझ्या गावात विहीर आहे, पण तो माझा नाही. खूप लांब काळ्या माणसांनी मूठ वर केली. त्यांनी कोणाला विचारलं नाही, वर करू का म्हणून. आम्ही पण नाही विचारलं.” तिचे ‘ळ’ सिंगापुरी होते आणि विहीर मध्येच पुल्लिंगी झाली. वहिनींनी वेळेची घंटा वाजवली. मग परत वाजवली.

“सॉरी आंटी,” मुलगी म्हणाली, “अजून आहे.” आणि होतं ते सगळं म्हणाली. शेवटी मूठ वर केली आणि टाळ्या येतात की नाही हे न बघता निघून गेली.

टाळ्या आल्या, पण तुकड्यातुकड्यांनी. एका राजाचा बाप उभा राहून वाजवत होता. पुढच्या रांगेतल्या दोघांना नेमके तेव्हाच फोनवर मेसेज आले. बक्षीस मिशीवाल्या शास्त्रज्ञाला मिळालं. मुलगी माझ्याजवळ येऊन तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “बाबा, यू वेअर शेकिंग लाह.” मी म्हणालो, तो माइकचा दोष होता. तिने मान्य केलं नाही, पण माझ्या हातातली पाण्याची बाटली घेऊन प्यायली. दोन दिवसांनी एवढं पुरे होतं.

बाहेर चपला घालताना वहिनी आल्या. चिडलेल्या नव्हत्या, दुखावलेल्या होत्या. “भाऊजी, तुम्ही इतकी वर्षं आमच्यातले. आधी सांगितलं असतंत तर...”

“तर काय झालं असतं, वहिनी?” या वेळी उत्तर वेळेवर सुचलं.

त्यांनी पर्स उघडली, बंद केली. मग आत्याकडे वळून गोड आवाजात म्हणाल्या, “पुढच्या वर्षी आपण साधा विषय ठेवू या, मावशी. फळं-भाज्या.”

“ठेवा की, बाई,” आत्या म्हणाली. “आमची पोरगी मिरची होईल.”