भोंगाकाकांचा स्टॅच्यू

आमचे भाऊजी फक्त झोपेत गप्प असतात, आणि ताई म्हणते, तेही खरं नाही. असा माणूस मुलांच्या संस्थेत ड्रायव्हर म्हणून लागला, हे संस्थेचं भाग्य की भोग, यावर मी बरीच वर्षं विचार करते आहे. मी त्याच संस्थेच्या कोठीवर आहे आणि ते माझ्या सख्ख्या बहिणीचे नवरे. म्हणजे सुटका ना घरी, ना कामावर.

भाऊजींकडे खेळण्यांची गाडी होती. ती गरीब वस्त्यांमधून फिरायची. तिला त्यांनी रबरी फुग्याचा एक जुना भोंगा बसवला होता. पों-पों-पों वाजलं की पोरं हातातला घास टाकून धावत. त्यावरून त्यांचं नाव भोंगाकाका पडलं. भोंगा नसता तरी तेच पडलं असतं, असं माझं मत आहे. खेळ आवरायची त्यांची एक रीत होती. एक लांब भोंगा वाजला की जो जिथे असेल तिथे स्टॅच्यू. हलला की आउट. दोन छोटे वाजले की सुटका. एरवी पोरांकडून खेळणी परत घ्यायची म्हणजे दातांच्या कण्या कराव्या लागतात. भाऊजी ती स्टॅच्यूंच्या हातांतून अलगद काढून घेत.

मग साथ आली. खेळणी माझ्या कोठीत गेली आणि गाडीत पिशव्या रचल्या गेल्या. धान्य, तेल, साबण, दुधाची पावडर. वस्तीतली कामं रोजंदारीची, ती सगळी बंद पडली होती. संस्था चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी बजावलं, "गर्दी नको, आवाज नको. कडी वाजवायची, दार उघडलं की पिशवी ठेवायची आणि मागे व्हायचं."

पहिल्याच दिवशी वळणावर भाऊजींचा हात सवयीने भोंग्यावर गेला. पुढचं काय सांगायचं? पोरं येऊन त्यांच्या पायांना चिकटली, पाठोपाठ आया आणि बाप, आणि पिशव्यांसाठी ही रेटारेटी. गल्लीच्या तोंडाशी पहाऱ्यावर असलेला हवालदार म्हणाला, "पुन्हा असं झालं तर गाडी आत सोडणार नाही."

संध्याकाळी भाऊजींनी भोंगा काढून माझ्यापुढे ठेवला.

"कुलुपात ठेव. माझ्या हाताचा मला भरवसा नाही."

"तोंडालाही एक कुलूप देऊ का?"

ते हसले नाहीत, तेव्हा मला काळजी वाटली.

पुढच्या खेपेला ते भरली गाडी घेऊन परत आले. एकही दार उघडलं नव्हतं. मधल्या दिवसांत मास्क लावलेली माणसं येऊन गल्लीतल्या एका बाईला दवाखान्यात घेऊन गेली होती, आणि तेव्हापासून कडी वाजली की वस्ती चिडीचूप व्हायची. भाऊजींनी दारोदार "अरे, मी आहे" म्हणून पाहिलं. पण आवाज नको म्हटल्यामुळे ते कुजबुजत होते, आणि त्यांना कुजबुजताना जन्मात कुणी ऐकलं नव्हतं. ओळखणार कोण? पिशवी नुसती दारात ठेवून यावी, तर कुत्री फाडतात.

मोठ्या बाई म्हणाल्या, "घेतच नसतील तर पिशव्या दुसऱ्या वस्तीत पाठवू. तिथेही मुलं उपाशीच आहेत." त्यांचंही चूक नव्हतं.

भाऊजी सरळ कोठीत आले. "भोंगा दे."

"आणि गर्दी झाली तर? या गल्लीला मग कायमचीच गाडी बंद."

"लांब वाजवतो. स्टॅच्यूचा."

इतक्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदाच एवढं थोडक्यात बोलला होता. मी भोंगा दिला आणि स्वतःही गाडीत चढले. म्हटलं, निस्तरायला कुणीतरी हवं.

गल्लीच्या तोंडाशी हवालदार काठी घेऊन उभाच होता. भाऊजी खाली उतरले आणि त्यांनी हातातला भोंगा लांबलचक वाजवला. आधी काहीच झालं नाही. मग एक दार उघडलं, मग दुसरं, मग सगळीच. पोरं उंबऱ्यापर्यंत धावत आली आणि तिथेच थिजली. कुणाचा हात डोक्यावर, कुणाचा पाय हवेत. एक आजोबा पुढे सरकले, तशी त्यांच्या नातीने ओठ न हलवता दम दिला, "आजोबा, आउट व्हाल." आजोबा थांबले. हवालदारही ताठ उभा राहिला होता. नियम त्याला कुणी सांगितला, देव जाणे.

आम्ही दारोदार पिशव्या ठेवत गेलो. शेवटची खोली त्या दवाखान्यात नेलेल्या बाईची होती. आत तिची म्हातारी सासू, दारात दोन मुली. पोरींचे चेहरे पार सुकून गेले होते. धाकटी एका पायावर उभी होती आणि डुगडुगत होती, पण पाय टेकत नव्हती. भाऊजींनी पिशवी ठेवली, मागे झाले, भोंगा हातात धरला आणि वाजवेचनात. सगळी गल्ली ताटकळली.

"भाऊजी, सोडा की त्यांना," मी म्हटलं.

ते तसेच उभे. मास्कवर डोळे तेवढे दिसत होते, तेही धड बघवत नव्हते. खांदे गदगदत होते. मला त्यांच्याबद्दल इतकी माया कधी वाटली नव्हती.

धाकटीने त्यांना नीट निरखून पाहिलं. पाय अजून हवेतच होता.

"भोंगाकाका," ती म्हणाली, "तुम्ही हललात. तुम्ही आउट."